सोरायसिसवर झाडपाल्याचं मलम खरंच चालतं का?

तुमच्या कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आहेत आणि घरचे म्हणतात, झाडपाल्याचं लाव, निदान अपाय तरी नाही. मला हा आजार चौदा वर्षं आहे. झाडपाल्याचा गुण येतो, पण 'अपाय नाही' हे डोक्यातून काढून टाका.

मला सगळ्यात जास्त गुण आला डिथ्रॅनॉल या औषधाच्या मलमाने. आज ते कारखान्यात बनतं, पण मूळ झाडातलं. ब्राझीलमधल्या अरारोबाच्या खोडातल्या फटींत पिवळसर भुकटी साठते. पोर्तुगीजांमुळे ती गोव्यात आली, लोक ती नायट्यावर लावत, म्हणून नाव पडलं 'गोवा पावडर'. 1870 च्या दशकात लंडनच्या बाल्मानो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर वापरली. पुढे महायुद्धात माल मिळेना, तेव्हा 1916 मध्ये जर्मनीत तिच्या जागी डिथ्रॅनॉल आलं.

लावायची पद्धत नीट पाळावी लागते. चट्ट्याभोवती आधी व्हॅसलीनचं कडं, मग हातमोजा घालून मलम फक्त चट्ट्यावर. मला सुरुवातीला दहाच मिनिटं सांगितली होती. एकदा फोनवर बोलत बसलो, पाऊण तास गेला. बाजूची चांगली कातडी भाजल्यासारखी लाल झाली, रात्रभर झोप नाही. कपड्यांवर जांभळट-तपकिरी डाग पडतात, ते निघतच नाहीत. त्यासाठी एक जुना बनियन वेगळा ठेवलाय. दीड महिन्यात खवले गेले, जागा सपाट झाली. चेहरा, काख, जांघेत हे लावू नका. किती टक्क्यांचं आणि किती वेळ, हे स्किनच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

काळ्या कुड्याची पानं खोबरेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळं होतं. सिद्ध या तमिळनाडूतल्या पारंपरिक वैद्यकात ते सोरायसिसवर देतात. माझ्या डोक्यातले खवले त्याने मऊ पडले, चट्टे मात्र राहिले.

बिनलेबलाच्या डब्यापासून लांब राहा, हे कळवळून सांगतो. 'शुद्ध वनस्पती' म्हणून मीही एक आणला होता. आठ दिवसांत चट्टे गायब! तीन महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ झाली, आणि बंद केल्यावर आजार दुपटीने उलटला. डॉक्टर म्हणाल्या, अशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

आणि एक विचारतो, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, सांधे सुजतात का? तसं असेल तर मलम राहू द्या, आधी डॉक्टरांना ते सांगा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो.