वाचकांचे प्रश्न : उष्णतारोधनाचे अनुदान आणि घराचा आराखडा

प्रश्न : आमचे घर सुमारे ५० वर्षांपूर्वीचे, भरीव विटांच्या भिंतींचे आणि उतरत्या छपराचे आहे. थंडीत ते तापत नाही आणि उन्हाळ्यात निवत नाही. उष्णतारोधनासाठी अनुदान मिळते असे समजल्यावर आम्ही चौकशी केली, तेव्हा एका ठेकेदाराने दोन भिंतींना आतून थर बसवून देण्याची तयारी दाखवली. बाकीचे पुढे पाहू, असे त्याचे म्हणणे आहे. त्यांपैकी एका भिंतीवर पाऊस पडून गेल्यावर ओलीचे डाग उमटतात. अर्जाची मुदत जवळ आली आहे. आम्ही होकार द्यावा का?

उत्तर : अनुदान सोडू नये, परंतु ठेकेदाराने सुचवलेले काम आज आहे त्या स्थितीत हाती घेऊ नये. अनुदान कशाला मिळते ते पाहून घराचे काम ठरवणे ही सर्रास होणारी चूक आहे आणि तिचा त्रास पुढे कित्येक वर्षे सोसावा लागतो. आधी संपूर्ण घराचा आराखडा कागदावर उतरवावा आणि त्यानंतर त्यातला कोणता टप्पा कोणत्या योजनेत बसतो ते पाहावे.

पहिला विचार ओलीचा करावा लागेल. डाग पडलेल्या भिंतीवर थर बसवला की डाग दिसेनासा होतो, ओल मात्र तिथेच राहते. पन्हळ गळते आहे, विटांच्या दरजा उघड्या पडल्या आहेत की जमिनीतून ओल चढते आहे, याचा शोध घेऊन दुरुस्ती करावी आणि भिंत वाळू द्यावी. जाड भिंतीला त्यासाठी काही महिनेही लागतात. ग्लासवूल किंवा थर्मोकोल यांसारख्या पदार्थांचे सारे सामर्थ्य त्यांत कोंडलेल्या स्थिर हवेत असते, आणि पाणी अशा हवेच्या वीस पटींहून अधिक सहजपणे उष्णता वाहून नेते. त्यामुळे भिजलेले ग्लासवूल जवळजवळ निरुपयोगी ठरते.

आतून बसवलेल्या थराची आणखी एक अडचण आहे. खोलीतील उष्णता भिंतीपर्यंत पोहोचत नसल्याने मूळ भिंत थंडीत पूर्वीपेक्षाही गार पडते. खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर सुमारे ९ अंशांच्या पृष्ठभागावर त्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते. अशी हवा थरामागे शिरली तर तिथे बुरशी धरते आणि ती आपल्याला दिसतही नाही. म्हणून बाष्परोधक पडदा कोणत्या बाजूला लावणार आणि त्याचे सांधे कसे बंद करणार, हे ठेकेदाराला अवश्य विचारावे. थंड हवामानात तो खोलीच्या बाजूला असतो. उष्ण व दमट हवेत वातानुकूलित ठेवल्या जाणाऱ्या घरात बाष्प बाहेरून आत येते, त्यामुळे तिथे हा विचार उलटा करावा लागतो.

ओलीचा बंदोबस्त झाल्यावर भिंतींआधी छपराकडे वळावे. माळ्यावर थर पसरणे तुलनेने सोपे असते आणि परांची बांधावी लागत नाही. त्याच वेळी दारे, खिडक्या आणि माळ्याच्या झडपेभोवतीच्या फटी बुजवाव्यात. दाराला पंखा बसवून घराच्या आतबाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करणारी चाचणी मिळत असेल, तर फटी नेमक्या सापडतात. मात्र घरात इंधन जाळणारी शेगडी किंवा हीटर असेल, तर ताज्या हवेची आणि धूर बाहेर जाण्याची वाट ठेवल्याशिवाय फटी बंद करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थर किती जाड असावा, याचे गणित मला फार उद्बोधक वाटते. आपल्यासारख्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, साधारण २ वॅट उष्णता जाते असे धरू. उष्णतावाहकता, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज जाते त्याचे माप, ०.०४ (वॅट प्रति मीटर प्रति अंश) असलेला ५० मिलिमीटरचा थर बसवला की हा आकडा ०.५७ वर येतो आणि आणखी ५० मिलिमीटरने ०.३३ वर. म्हणजे मोठी बचत पहिल्याच थरात होते. तरीही मी जाड थराच्या बाजूने आहे, कारण मजुरी, परांची आणि गिलावा हा खर्च एकदाच होतो आणि अनेक योजनांत या आकड्याची कमाल मर्यादा घालून दिलेली असते.

आपल्या भिंतींना बाहेरून थर देता येत असेल, तर तो पर्याय मी अधिक पसंत करीन. त्यात मूळ भिंत उबदार व कोरडी राहते आणि खोली लहान होत नाही. परंतु भिंत १० सेंटिमीटरने जाड झाली की छपराची वळचण अपुरी पडू शकते. म्हणून छपराचे काम आधी निघाले तर वळचण त्याच वेळी वाढवून घ्यावी आणि नव्या खिडक्या बसवताना चौकटीवर थर चढेल इतकी जागा ठेवावी. टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्यांचे नुकसान होते ते अशाच ठिकाणी. नवा हीटर किंवा एअर कंडिशनर तर सर्वांत शेवटी घ्यावा, कारण थर बसल्यावर लहान क्षमतेचे यंत्रही पुरते.

आता अर्जाकडे येऊ. मंजुरीपत्राला किती महिन्यांची मुदत असते, काम टप्प्यांत करता येते का आणि ओलीची दुरुस्ती अनुदानात धरली जाते का, हे लेखी विचारावे. पुष्कळदा रक्कम काम तपासल्यानंतर मिळते, म्हणून तोवरच्या खर्चाची तजवीज हवी. थर झाकला जाण्यापूर्वी जाडी दिसेल अशी छायाचित्रे काढावीत. पदार्थाचे नाव, जाडी आणि क्षेत्रफळ बिलावर नोंदवून घ्यावे.

प्रश्न : आम्ही काम सुरू केले आहे. आता अर्ज केला तर चालेल का?

उत्तर : बहुतेक योजनांत मंजुरीपूर्वी सुरू केलेले काम अपात्र ठरते आणि काही ठिकाणी ठेकेदाराशी केलेला करारही सुरुवातच मानला जातो. जो भाग सुरू झालेला नाही, तो तसाच थांबवून त्याचे स्वतंत्र दरपत्रक घ्यावे आणि तेवढ्यापुरता अर्ज करता येईल का, हे योजनेच्या कार्यालयात विचारावे. झालेल्या कामाची तारीख मात्र बदलून लिहू नये, कारण तपासणीत ते उघडकीस आले तर उरलेल्या भागाचे अनुदानही हातचे जाईल.