उत्तनला पावसाळा काढायचा म्हणतोस, तर

ठाणे, २० मे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत कळला. घोडबंदर रोडवरचं भाड्याचं घर सोडायचं, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन भाईंदरजवळच्या उत्तनला समुद्रकाठच्या कॅम्पवर न्यायची आणि सप्टेंबर संपेपर्यंत तिथेच राहून काम करायचं. तुझ्या आईला वाटतंय की मी तुला यातून बाहेर काढीन. मी तसं काही करणार नाही. पण वागळे इस्टेटमध्ये जन्मभर गाड्यांच्या बॉड्या बांधल्यावर पावसाळ्यात गाडीचं काय होतं हे मला ठाऊक आहे, तेवढं ऐकून घे आणि मग खुशाल जा.

जागा मला आवडली. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा तिकडे गेला. आपल्या ठाणे जिल्ह्याला उघडा समुद्र म्हणावा असा उत्तनकडचाच तुकडा उरला. पण आपली खाडी पाहून समुद्राचा अंदाज बांधू नकोस. खाडीला खारफुटीचा आडोसा आहे. तिथे नैऋत्येचा वारा थेट तोंडावर येतो आणि पाऊस वरून कमी, आडवाच जास्त पडतो.

परवा फोनवर तू विचारलंस, छत गळू नये म्हणून काय करू? छताचं सांगतोच, पण गाडी बाहेरच्या पाण्याने नासते त्याहून जास्त आतल्या पाण्याने नासते. झोपलेला एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतो. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लोकांना हे खरं वाटत नाही, पण ज्वलनाचा हिशेबच तसा आहे. त्यात भाताची वाफ, ओला टॉवेल, दाराशी निथळणारी छत्री. एवढ्याशा डब्यात हे सगळं जाणार कुठे? आणि पाऊस सुरू झाला की माणूस पहिलं काय करतो, तर सगळ्या खिडक्या घट्ट लावून बसतो.

एका गिऱ्हाइकाची कॅराव्हॅन सप्टेंबरात शेडवर आली होती. छत कोरडं, खिडक्या कोरड्या, तक्रार फक्त कुबट वासाची. गादी उचलली तर खालच्या प्लायवर माणसाच्या आकाराची काळी बुरशी. खांदे कुठे, कंबर कुठे, तो कोणत्या कुशीवर झोपायचा, सगळं कळत होतं. अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली उतरतो, खाली सपाट प्लाय असला की तिथेच अडकतो. तुझ्या पलंगाला सलग प्लाय आहे. तो काढून बोटभर फटी ठेवून पट्ट्या मारून घे, आणि रोज सकाळी उठल्यावर गादी भिंतीला उभी कर. हे एक काम आळस न करता केलंस तरी अर्धी लढाई जिंकलास.

आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घेऊन ठेव, दोन-चारशे रुपयांत मिळतो. आकडा बराच वेळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. अडचण अशी की जुलैत बाहेरचीच हवा पंच्याऐंशी-नव्वदची असते, म्हणजे खिडकी उघडून गाडी वाळत नाही. म्हणून दोन वेगळ्या तऱ्हा ठेव. वीज असेल तेव्हा दुपारी दोनेक तास खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर चालव, कपाटांची दारं उघडी टाकून. एरवी छतावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लाव आणि वाऱ्याच्या उलट अंगाची खिडकी दोन बोटं उघडी ठेव. दोन्ही एकदम करू नकोस, उघड्या खिडकीत एसी लावला की गार पत्र्यावर पाणी सुटतं. एसी अठरावरही नेऊ नकोस. आतला पत्रा गार आणि बाहेर दमट हवा, म्हणजे भिंतीच्या पोकळीत दव धरणार. सव्वीस-सत्तावीस पुष्कळ झालं. पोकळीत ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, भरलंय का ते बॉडीवाल्याला विचार. भरलं असेल तर ते पाणी पिऊन बसतं, नायट्राइल फोम हवा. प्लाय बदलायची वेळ आली तर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघूनच घे, नुसतं 'वॉटरप्रूफ' छापलेलं नको.

आता छत. पाणी जिथे टपकतं तिथून ते शिरलेलं नसतं. छताच्या रिबवरून सरकत सरकत चार फूट लांब येऊन टपकतं. म्हणून एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने वर पाइप धरायचा, मागून पुढे, एकेका जोडावर पाच-पाच मिनिटं. व्हेंटची चौकट, एसीचा कट, सोलरची वायर आत येते ती जागा, मागच्या दिव्यांची बैठक, शिरायच्या जागा याच. चौकटीखाली ब्यूटाइल टेप, वरून न्यूट्रल सिलिकॉन. दुकानदार स्वस्तातलं देईल, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. ते पत्र्यावर लावू नकोस, पत्रा गंजतो. गाडी उभी करताना एक बाजू किंचित उतरती ठेव म्हणजे छतावर डबकं राहणार नाही. बाहेरच्या ताडपत्रीचा एक कोपराही बाकीच्यांपेक्षा खाली बांध, नाहीतर ती पोट धरते आणि मध्यरात्री खांबासकट खाली येते.

जागा कुठली घ्यायची, हे कॅम्पवाल्याला विचारू नकोस. तो समुद्र दिसेल अशी देईल. उत्तनच्या नाखव्यांना, होड्यांच्या मालकांना, विचार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. त्या जिथे ठेवल्यात, पाणी तिथवर येत नाही असं समज. त्यांच्या पुढे एक पाऊलही गाडी नको. माडाखाली नको, नारळ काच फोडतो. सुरूच्या झाडांच्या रांगेला अगदी चिकटूनही नको, वाळूत त्याची मुळं खोल धरत नाहीत आणि वाऱ्यात तो मुळासकट झोपतो.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहाला. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण झोपायच्या आधी एवढं डोक्यात असावं. मोठी उधाणं अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती लहान. साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी मुंबई महापालिका पावसाळ्याआधी काढते, ती छापून दाराच्या आत चिकटव. नुसतं उधाण फारसं काही करत नाही, नुसता पाऊसही नाही. दोन्ही एका वेळेला आले आणि मागून पश्चिमेचा वारा असला की ओढ्याचं पाणी समुद्रात जायचं थांबतं आणि कॅम्पमध्ये फिरतं.

यासाठीच माझा एक हट्ट आहे: गाडी कधीही निघू शकली पाहिजे. लोक चाकांभोवती विटा रचतात, पुढे पडवी बांधतात, कुंड्या ठेवतात, आणि महिन्याभरात गाडीची झोपडी होते. तू तसं करू नकोस. तोंड रस्त्याकडे, टाकी कायम अर्ध्याच्या वर, आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून गाडी दहा फूट पुढेमागे. चाकांखाली फळ्या हव्यात, ओल्या वाळूत उभी गाडी नकळत बसते. रुतलीच तर हवा वीस पीएसआयपर्यंत उतरव आणि बाहेर आल्यावर लगेच भर. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की विचार करत बसू नकोस, दिवसाउजेडी निघून ये. शेडवर जागा आहेच. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं आणि तौक्ते २०२१ च्या मेमध्ये किनाऱ्यावरून गेलं. दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावरची आहेत, म्हणजे तू जायच्या बेतात आहेस त्याच दिवसांतली. म्हणून मी म्हणतो, जूनचा पहिला पंधरवडा घरीच काढ. आपल्याकडे मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून आहे. त्याला नीट स्थिरावू दे, मग जा.

वीज. कॅम्पवर वायर वाळूतून ओढलेली असते आणि जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. तुझ्या गाडीत तीस मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घे, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाब, आणि अर्थिंगची सळई आपली स्वतःची ठोक. ओल्या पायाने पत्र्याच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर 'थोडंसं लागतं' म्हणून सोडून देऊ नकोस, तिथेच वीज तोड. विजा कडाडत असताना बाहेरची वायर काढून ठेव आणि आत बस. पत्र्याच्या बॉडीत तू बऱ्यापैकी सुरक्षित आहेस, ताडपत्रीच्या लोखंडी खांबाला टेकून मात्र नाहीस. जुलैत सोलरवर भिस्त ठेवू नकोस.

गॅसचा पाच किलोचा सिलिंडर पुरे. जमिनीलगतची जाळी पाऊस येतो म्हणून कापड कोंबून बंद केलीस तर माझ्याशी गाठ आहे. गॅस हवेहून जड, गळला तर खालीच साचतो, त्याला तीच एक वाट आहे.

मण्यार रात्री फिरते आणि पावसात कोरड्या जागी येते, तेव्हा मच्छरदाणी गादीखाली खोचून झोप आणि बूट झटकून घाल. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललास तर लेप्टोस्पायरोसिसच्या तापावरच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना तीन दिवसांच्या आत विचार. ऑगस्टमध्ये वाळूवर निळे फुगे दिसतील, ते ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा समुद्री जीव. मेलेला वाटला तरी डसतो.

कामाचंही बोलू. ऐरोलीच्या ऑफिसला आठवड्यातून दोनदा यायचं म्हणतोस, म्हणजे काशीमिरा, गायमुख आणि पुढचे सगळे खड्डे. कॅराव्हॅन घेऊन तर नाहीच. बसने भाईंदर आणि तिथून लोकल, हे आताच मनाशी धर. ऑफिसच्या दिवशी ओले कपडे बरोबर आण आणि आमच्या घरी मशीनला लाव. गाडीत दोरीवर वाळत घातलेला शर्ट वाळत नाही, तो आपलं पाणी तुझ्या गादीला देतो. लॅपटॉप रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसकट.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल. पत्र्यावर पाऊस ऐकायला पहिले चार दिवस छान वाटतं, मग त्या आवाजात फोनवर बोलताही येत नाही. कॅम्प रिकामा, समुद्र मातकट, पाण्यात उतरायची सोय नाही. तेव्हा गावात जात जा. सुके बोंबील, जवळा कुणाच्या घरचा चांगला ते विचारत फिर, ओळखी होतील. अडीअडचणीला ट्रॅक्टर आणणारा माणूस तिथलाच असेल, कॅम्पवाला तेव्हा फोन उचलेलच असं नाही.

कागदांचं लांबवत नाही. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, पण त्यामुळे तुझ्या आरसी बुकावरची नोंद आपोआप बदलत नाही. त्यावर कॅम्पर व्हॅन लिहिलंय का ते बघ. नसेल तर आधी आरटीओत जाऊन ये. नोंद न केलेल्या बदलांवर विमा कंपनी बोट ठेवते.

येत्या रविवारी गाडी शेडवर घेऊन ये, सकाळी नऊच्या आत, नंतर पाण्याचा दाब जातो. छत आपण दोघं तपासू. येताना पलंगाच्या पट्ट्यांसाठी मापं घेऊन ये, आणि पाइप धरायला एखादा मित्र. मला आता शिडी चढवत नाही.

तुझा,
काका