कुफोनिसीला जायचंय, एफडी मोडू का लोन काढू?

नाशिकच्या एका ताईंचा मेल आलाय. दोघं नोकरी करतात, मिळून हातात १,३५,००० येतात, होम लोनचा हप्ता ३८,०००, एसआयपी १५,०००, घरखर्च ५०,००० च्या आसपास, मुलगा यंदा दहावीला. साडेचार लाखाची एक एफडी आहे, बाकी शिल्लक अशी नाही. दिवाळीला दोघांचा बोनस मिळून ९०,००० होतो. येत्या ऑगस्टमधे लग्नाला २० वर्षं होतायत आणि दोघांनी कधीचं ठरवलंय की ग्रीसच्या एखाद्या छोट्या बेटावर बोटीने जायचं, सँटोरिनीची गर्दी नको, कुफोनिसी हवं. एजंटने ९ दिवसांचे ५,२०,००० सांगितलेत. एफडी मोडू का पर्सनल लोन घेऊ, असं विचारतायत.

ताई, दोन्ही नको. पण जा नक्की, पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. तारीख चुकतीये हे कळतंय मला, २० वर्षं म्हणजे काही कमी नाही, पण आधी आकडे बघा. ५ लाखाचं लोन १३ टक्क्याने ३ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,८५० बसतो आणि नुसतं व्याजच १ लाख ६ हजार जातं. आणि एफडी म्हणाल तर तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ८८,००० लागतात, म्हणजे ती एफडी जेमतेम पाच महिन्यांचा आधार आहे, एकाची नोकरी गेली किंवा घरात कुणी आजारी पडलं तर तेवढंच आहे हातात. तिला हात लावू नका.

आता मला जास्त काळजी वाटली ती एजंटच्या प्लॅनची, तुम्ही जोडलेला कागद मी दोनदा वाचला. परतीच्या दिवशी फास्ट बोट दुपारी साडेतीनला पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला लागणार आणि त्याच संध्याकाळी तुमचं मुंबईचं विमान. कागदावर बसतंय सगळं, कारण पिरेअसहून २०२२ पासून मेट्रो थेट एअरपोर्टला जाते, तासाभरात पोचता, तिकीट ९ युरो. पण बोट सुटलीच नाही तर? जुलै-ऑगस्टमधे तिथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, आकाश निळंशार, ऊन कडक, आणि समुद्र मात्र खवळलेला. वारा ८ बोफर्टला (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) गेला की मोठ्या बोटींनाही साधारणपणे बंदी येते, छोट्या आणि फास्ट बोटी त्याच्या आधीच थांबतात. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते ते आपण धरूनच चालतो ना, तसंच तिथली माणसं हे धरून चालतात, आपण मात्र एवढे पैसे भरलेत तर बोट सुटणारच असं समजतो.

मी स्वतः नाक्सोसच्या, म्हणजे कुफोनिसीजवळच्या मोठ्या बेटाच्या, धक्क्यावर असा एक अख्खा दिवस काढलाय. कुफोनिसीला जाणारी छोटी बोट, एक्सप्रेस स्कोपेलिटिस, समोरच बांधलेली होती, दोर ताणले की करकरायचे, आणि तिकिटाच्या खिडकीतली बाई प्रत्येकाला एकच शब्द सांगत होती, 'अपागोरेफ्तिको', म्हणजे बंदी आहे. एक आजी टोमॅटोचा क्रेट पायाशी ठेवून निवांत बसल्या होत्या, त्यांना काहीच घाई नव्हती. मला होती, आणि नशिबाने माझ्या हातात दोन दिवस जास्तीचे होते म्हणून निभावलं.

अशा वेळी पैशाचं काय होतं ते नीट समजून घ्या. युरोपियन युनियनच्या ११७७/२०१० या नियमाप्रमाणे फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरी बोट, जे हवं ते मागता येतं. पण कारण हवामानाचं असेल तर हॉटेलचा खर्च आणि वरची भरपाई द्यायचं त्यांच्यावर बंधन नाही, आणि विमान चुकलं तर तो बोट कंपनीचा विषयच नाही. आयत्या वेळची दोन तिकिटं म्हणजे लाखाच्या वर सहज. व्हिसासाठी ३०,००० युरोचा जो इन्शुरन्स लागतो तो दवाखान्याचा, त्यात हे आपोआप येत नाही. याउलट अथेन्सला एक रात्र जास्त राहिलात तर नऊ-दहा हजार. हे दहा हजार वाचवायचे नाहीत.

म्हणून माझा हिशेब असा. पिरेअसहून फास्ट बोट नको, मोठी साधी फेरी बोट घ्या, नाक्सोसला पाच-साडेपाच तास लागतात, डेकवर बसा, तिकीट स्वस्त आणि पोटही ढवळत नाही. नाक्सोसला एक रात्र, मग स्कोपेलिटिसने कुफोनिसी, ती रविवारी नसते एवढं बघा. येताना फ्लाइटच्या दोन दिवस आधी बेट सोडा, एक रात्र नाक्सोस, एक अथेन्स. नाक्सोसला छोटा विमानतळ आहे, रोज मोठ्या बोटीही आहेत, म्हणजे अडकलातच तर सुटायला वाट आहे, कुफोनिसीला ती नाही. सप्टेंबरच्या शेवटी वारा बराच उतरलेला असतो, पाणी मात्र अजून कोमट, आणि खोल्याही स्वस्त, कारण १५ ऑगस्टला तिकडे मेरीमातेचा मोठा सण असतो, त्या आठवड्यात सगळा ग्रीस बेटांवर लोटतो, गणपतीत कोकणात होतं तसं.

स्वतः बुकिंग केलंत तर माझ्या अंदाजाने सव्वाचार लाखात दोघांचं होईल. व्हिसा फी माणशी ९० युरो त्यातच धरलीये. हॉटेलवर एक सरकारी कर वेगळा द्यावा लागतो, २०२५ च्या दराने एप्रिल ते ऑक्टोबर तीन स्टारला रात्री ५ युरो, चार स्टारला १०, एजंटच्या कागदात तो दिसत नाही. कार्ड वापरताना मशीनने रुपये का युरो विचारलं तर युरोच म्हणा. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील, तो इन्कम टॅक्सच्या रिटर्नमधे वळता होतो पण तोवर पैसे अडकतात.

तुमच्याकडे महिन्याला ३२,००० उरतात. त्यातले २२,००० आरडीत टाका, १५ महिन्यांत ३,३०,०००, वर दिवाळीचा बोनस, झाले ४,२०,००० आणि आरडीचं व्याज वेगळं. उरलेले दहा हजार मुलाच्या क्लासला ठेवा, आणि तो तेव्हा अकरावीत असेल, आजीकडे राहील आरामात. एसआयपी थांबवू नका.

एजंटला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावतीवर कॅन्सलेशनचं काय लिहिलंय त्याचा फोटो मला पाठवा, लगेच बघतो.