गॅरंटी, वॉरंटी आणि निवारण

प्रश्न असा आहे: गॅरंटी आणि वॉरंटी यांत फरक काय, आणि मराठीत दोन्हींना ‘हमी’च म्हणायचं का?

‘गॅरंटी म्हणजे बदलून देणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार.’ मिक्सर विकणाऱ्यापासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत हेच ऐकतो आणि दर वेळी डोकं तापतं. हा दुकानातला संकेत आहे, शब्दांचा अर्थ नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२६ बघा. तिथल्या गॅरंटीला तीन पक्ष लागतात: कर्ज देणारा, घेणारा आणि ‘त्याने बुडवलं तर मी भरीन’ म्हणणारा. वॉरंटी येते १९३० च्या मालविक्री कायद्यात, कलम १२ मध्ये. कराराच्या मुख्य हेतूला जोडून दिलेलं ते दुय्यम वचन. ते मोडलं तर भरपाई मागता येते, तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. बदली-दुरुस्तीची ही वाटणी दोन्हीकडे नाही.

आता खरी गंमत. हे दोन शब्द मुळात एकच आहेत. फ्रँक या जर्मानिक टोळीची भाषा गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, पोचली तेव्हा तिथल्या लोकांना शब्दारंभीचा, ओठ गोल करून म्हणायचा ‘व’ जमेना. तो उच्चारून पाहा: ओठ गोल होतात आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, म्हणजे थेट ‘ग’च्या जागी. म्हणून आधी ‘ग्व’ झालं, मग नुसता ‘ग’. उत्तरेकडच्या नॉर्मनांनी मात्र ‘व’ राखला, आणि १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर तोच तिथे नेला. पुढे पॅरिसकडची ‘ग’वाली रूपंही इंग्रजीत आली आणि जोड्या जमल्या. वॉर्ड-गार्ड, वॉर्डन-गार्डियन, रिवॉर्ड-रिगार्ड. पगाराचा ‘वेज’ आणि ‘मॉर्गेज’मधला ‘गेज’ हेही भाऊच, दोघांचा मूळ अर्थ तारण. इंग्रजांचा विल्यम फ्रेंचांचा गियोम होतो तो याच नियमाने. ‘वॉर’ आणि गनिमी काव्याचं ‘गरिला’ यांचंही तेच: स्पॅनिशमध्ये ‘गेरा’ म्हणजे युद्ध, ‘गेरिया’ म्हणजे छोटं युद्ध. त्याला ‘गोरिला वॉर’ म्हणणाऱ्यांनी निदान आता तरी त्या वानराला सोडावं.

‘वॉरंटी’चा मूळ धातू झाकणे, राखणे या अर्थाचा मानतात, आणि आपला संस्कृत धातू ‘वृ’ त्याच कुळातला. आवरण, निवारण त्याच्यापासूनच. इथे काही संस्कृताभिमानी लगेच ‘वॉरंटी संस्कृतातून गेली’ असं ठोकून देतात. नाही गेली. ‘वृ’ आणि तो जर्मानिक धातू एका आजीची नातवंडं आहेत. चुलतभावाला मुलगा म्हणू नये. तरी तक्रार ‘निवारण’ केंद्रात माणसं ‘वॉरंटी’ कार्ड घेऊन रांगेत उभी दिसली की मला फार आनंद होतो.

राहिली ‘हमी’. वस्तूबद्दल बोलताना दोन्हींना खुशाल हमी म्हणा, आणि बदली की दुरुस्ती ते पुढे लिहा: ‘एक वर्ष मोफत दुरुस्तीची हमी’. तिसरा माणूस मध्ये असेल तर शब्द आहे ‘जामीन’. अरबीत तो माणसाचाच शब्द आहे. हमी घेतो तो जामीन. मराठीतही ‘मी त्याला जामीन राहिलो’ म्हणतात तेव्हा तोच अर्थ असतो. पुढे कोर्टात ‘जामीन मिळाला’ होऊन तो सुटकेचा शब्द झाला, माणसासाठी शब्द उरेना, म्हणून त्याला ‘दार’ लावून ‘जामीनदार’ केला.