आधी वेळ, मग पाणी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली जुन्या इंग्रजी शब्दांची यादी काल रात्री वाचून संपवली. खूप कष्ट घेतले आहेस. पण अकरा शब्दांपुढे तू नुसतं ‘किनारा’ लिहिलंस, आणि दर वेळी मी तिथे अडलो.

मी खाडीकाठच्या गावात वाढलो. वाळू असेल तिथे पुळण, होड्या लागतात तो धक्का, खडक सरळ तुटलेला असेल तर तो कडा. ‘किनारा’ आम्हाला भेटला तो शाळेच्या पुस्तकात. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या समुद्राकाठी राहणाऱ्यांकडेही अशीच वेगवेगळी नावं होती. त्यांचा ‘स्टॅथ’ म्हणजे काठ. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात आजही धक्क्याला ‘स्टेद’ म्हणतात, ते त्याचंच रूप. ‘हीथ’ म्हणजे नावा लागायची जागा. लंडनमधलं लॅम्बेथ हे नाव कोकरं उतरवायच्या धक्क्यावरून पडलं आहे. ‘सॅरिमा’ म्हणजे समुद्राची कड, आणि आजचा ‘रिम’ त्यातलाच. इथे तू बिनदिक्कत ‘काठ’ लिही. ताटाला काठ असतो, लुगड्यालाही असतो, तोच समुद्राला. ‘स्ट्रँड’ लंडनच्या एका रस्त्याच्या नावात राहिला. टेम्सचं पाणी त्या रस्त्याच्या बरंच जवळ होतं. 1870 साली खुला झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा बांध मध्ये आला आणि नदी लांब गेली.

‘कोस्ट’ आणि ‘बीच’ मात्र जुन्या इंग्रजीतले नाहीत, ते यादीतून काढून टाक. ‘कोस्ट’ फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधली बरगडी आहे. ‘बीच’ 16व्या शतकात दिसू लागतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ लाटांनी घासलेले गोटे असा होता. वाळूची मऊ पुळण त्याला नंतर चिकटली.

आता ‘टाइड’विषयी, कारण माझा जीव त्यात अडकला आहे. जुन्या इंग्रजीत ‘टीड’ म्हणजे वेळ. पाण्याच्या चढउताराला ते ‘फ्लोड’ आणि ‘एब्बा’ म्हणत. मध्ययुगात कधीतरी वेळेचा शब्द पाण्यावर गेला. ‘युलटाइड’मध्ये, म्हणजे नाताळच्या दिवसांच्या नावात, जुना अर्थ टिकून आहे, आणि ‘टायडी’चा पहिला अर्थही ‘वेळच्या वेळी’ असाच. संस्कृतातली ‘वेला’ आठव: सीमा, वेळ, समुद्राचा काठ आणि भरती, चारही अर्थ तिच्यात आहेत. हे वाचून तुला या दोन शब्दांचं नातं जुळवायचा मोह होईल. जुळवू नकोस. दोघांची मुळं वेगळी आहेत. फक्त समुद्राकाठच्या माणसांना सारखीच गोष्ट सुचली. ‘नोज’ आणि आपली ‘नासिका’ ही मात्र खरी भावंडं, आणि भूशिराला म्हणतात तो ‘नेस’ही त्याच घरातला मानतात. शब्द कानाला सारखा लागला की आधी संशय घे, मग कोश उघड. बॉसवर्थ आणि टोलर यांचा जुन्या इंग्रजीचा 1898चा कोश आणि त्याची 1921ची पुरवणी जवळ ठेव. मराठी बाजूला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती हवीच. आपल्या दर्यावर्दी शब्दांसाठी मी अजून तिच्याकडेच वळतो.

‘स्प्रिंग टाइड’पुढे तू ‘वसंतातली भरती’ लिहिलं आहेस. वसंताचा इथे काही संबंध नाही. ‘स्प्रिंग’ म्हणजे उसळणं. आपण त्याला उधाण म्हणतो, आणि ते दर अमावास्या-पौर्णिमेला येतं. त्याच्या उलट जुनं ‘नेपफ्लोड’, म्हणजे आपली भांग, सगळ्यात कमी चढणारी भरती. त्यातल्या ‘नेप’चं मूळ आजवर कुणाला सापडलेलं नाही, तेव्हा तू एखादं सुंदर मूळ रचून तिथे बसवू नकोस.

तुझ्या ‘शिंपल्यां’चंही ‘किनाऱ्या’सारखंच झालंय. सन 1000च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या साधूने मठातल्या मुलांना लॅटिन शिकवायला संवाद लिहिले. त्यांतल्या एका हस्तलिखितात ओळींच्या वर जुन्या इंग्रजीत अर्थ लिहिले आहेत. त्यातला कोळी समुद्रातलं काय काय पकडतो ते सांगतो: हेरिंग, कालवं, खेकडे, शिवाय ‘मेरेस्वीन’, म्हणजे शब्दशः समुद्राचं डुक्कर, डॉल्फिनसारखा एक प्राणी. देवमासा पकडशील का म्हटल्यावर तो साफ नाही म्हणतो. त्यापेक्षा आपली नदी बरी. हा कोळी डोळ्यांपुढे उभा राहिला की तुझ्या यादीत सरसकट ‘शिंपले’ राहणार नाहीत. आपल्याकडे कालवांना ‘तिसऱ्या’, म्हणजे दुसऱ्याच जातीचे शिंपले, म्हटलेलं कोण खपवून घेईल?

आणि बीड वाच. उत्तर इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठातल्या या साधूने 725 साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला. भरती चंद्राबरोबर चालते, रोज पाऊण तासाहून थोडी अधिक मागे पडते, आणि एकाच किनाऱ्यावरच्या दोन बंदरांतही तिची वेळ वेगळी असते, हे त्यात आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजोबाच बोलतायत असं वाटलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हे त्यांनी मला बोटांवर शिकवलं होतं. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा. जॅरोला तो लागू पडायचा नाही, हेही बीडने आधीच सांगून ठेवलंय.

यादी पुन्हा कर. प्रत्येक शब्दापुढे अर्थाआधी दोन गोष्टी लिही: तिथे माणूस काय काम करत होता, आणि पाणी तेव्हा कुठे होतं. घाई करू नकोस. जमलं तर अमावास्येच्या आदल्या दिवशी इकडे ये. अमावास्येची पंधरावी तिथी धरली तर भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पहाटे पाचला सुकती, म्हणजे ओहोटी, पुरती झालेली असेल. कोयता आणि टोपली घेऊन बायका कालवं काढायला खडकांवर उतरतात, त्यांच्या मागोमाग आपणही जाऊ. वही आण, पायात जुन्या चपला घाल. कालवांची धार फार वाईट कापते.

तुझा,
सर