"मॅडम, याला व्यसन लागलंय का, की वयाचंच आहे?"

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक आई-बाप हाच प्रश्न घेऊन येतात. मुलाच्या दप्तरात काहीतरी सापडलेलं असतं, नाहीतर सोसायटीतल्या कुणीतरी त्याला ठाण्यातल्या उपवनला भलत्याच घोळक्यात पाहिलेलं असतं. मी "वयाचं आहे" म्हणावं आणि विषय मिटावा, ही आस चेहऱ्यावर लपत नाही.

निनादच्या आईचंही तेच. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा अकरावी सायन्सला, घर घोडबंदर रोडला, क्लास नौपाड्यात. आईने पर्समधून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या: लांबट, पातळ कागदांचं एक पाकीट आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. कागद गांजा गुंडाळून ओढायचे, हे तिला कळलं होतं. थेंबांबद्दल म्हणाली, "हे तर मीच आणून देते. स्क्रीनमुळे डोळे लाल होतात म्हणाला. आठवड्याला एक बाटली संपते." बोलता बोलताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही लाली गांजाची, आणि ती गप्प झाली.

बाबांचा सूर वेगळा होता. "आम्हीपण कॉलेजात प्यायचोच की. बिघडलो का?" शनिवारी ते घरी बिअर घेतात. दहावीनंतर निनादलाही अर्धा ग्लास द्यायला लागले होते. बाहेर चोरून पिण्यापेक्षा डोळ्यांसमोर प्यायलेली बरी, हा हिशोब. मी तो बऱ्याच सुशिक्षित घरांत ऐकते आणि तो चुकतो. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. घरून दारू मिळाल्याने मुलं सांभाळली गेली असं काही दिसलं नाही. उलट त्यांनी पुढे बाहेरूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढली. शिवाय महाराष्ट्रात बिअरलासुद्धा कायद्याने २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५.

मी बाबांना त्यांची पहिली बिअर कधीची ते विचारलं. "विसाव्या वर्षी असेल." निनादने पहिला जॉइंट, म्हणजे गांजाची सिगारेट, ओढला तो नववीच्या सुट्टीत, येऊरला, मित्राच्या मोठ्या भावासोबत. तेव्हा तो चौदाचा होता.

घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये लोक राहायला येतात तेव्हा लिफ्ट धावत असते, पण आग विझवायच्या यंत्रणेचं काम बाकी असतं. चौदाव्या वर्षीचा मेंदू साधारण तसाच. मजा, धाडस, मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारे भाग लवकर कामाला लागतात. "थांब, उद्याचा विचार कर" म्हणणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पूर्ण होतो. याच वर्षांत मेंदूत छाटणी चालते. जे जोड वापरात असतात ते पक्के होतात, बाकीचे गळतात. या कामात मेंदूच्या स्वतःच्या, गांजाशी साधर्म्य असलेल्या रसायनांचा हात असतो आणि गांजातलं नशा आणणारं टीएचसी नेमकं त्यांच्याच जागी जाऊन बसतं. दारूचा फटका आठवणी साठवणाऱ्या हिपोकॅम्पसला बसतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, पंधराव्या वर्षाच्या आत पिणं सुरू केलेल्यांत पुढे दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण एकविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्यांच्या साधारण चौपट होतं. ही सगळी दारूचीच करणी नव्हे. घरचं वातावरण, मुलाचा स्वभावही त्यात आलाच. पण वय मोजावं लागतं ते यासाठी.

निनाद एकटा बसला तेव्हा त्याच्याकडे सगळी उत्तरं तयार होती. गांजा नॅचरल आहे. शंकराचा प्रसाद आहे. कॅनडात लीगल आहे. शंकराशी मी वाद घालत नाही. कॅनडाने २०१८ मध्ये परवानगी दिली हे खरं, पण तिथेही अठराच्या आतल्यांना विकायला मनाई आहे, हे त्याला माहीत नव्हतं. त्यावर तो हसला आणि जरा सैल झाला.

मग खरं ते बोलला. टेस्टच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. खिडकीत उभं राहून दोन कश मारले की झोप लागायची. आधी फक्त टेस्टच्या आदल्या रात्री, मग रविवारी रात्री, मग रोज. म्हणजे गेली जवळपास दोन वर्षं हा मुलगा धडधडत्या छातीने अंथरुणात पडला, तळमळला, तरी सकाळी उठून पेपर देऊन आला, असं घडलंच नव्हतं. बाबा विसाव्या वर्षी बिअर प्यायले तोवर ते एकदा नापास झाले होते, एका मुलीचा नकार पचवला होता, मोठ्या भावाशी भांडून पुन्हा बोलायला लागले होते. ती शिकवणी निनादची बुडाली होती. व्यसन लागलंय का, याचं उत्तर मानसोपचारतज्ज्ञ निकष लावून देतीलच. सोळाव्या वर्षी मी आधी बघते ते हे, की नशा त्याचं कुठलं काम करतेय आणि त्यामुळे तो काय शिकायचा राहतोय.

घरात कुणाला मानसिक आजार होता का, हे मी प्रत्येकाला विचारते. बाबा झटकन "नाही" म्हणाले. आई जमिनीकडे बघत राहिली. पुढच्या वेळी बाबा एकटेच आले. त्यांच्या मोठ्या भावाला इंजिनीअरिंगला असताना आवाज ऐकू यायला लागले होते आणि त्यांना इथल्याच मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं. निनादला ते फक्त चिपळूणचे, जरा एकलकोंडे काका म्हणून माहीत. "तुला ठाण्याला पाठवायला हवं" हा आपल्याकडचा सर्रास विनोद त्या घरात कधीच चालायचा नाही आणि मुलाला कारण ठाऊक नव्हतं. लहान वयात, वारंवार आणि कडक माल ओढणाऱ्यांत भ्रम-भासाच्या आजारांचा धोका वाढतो. घरात असा आजार असेल तर जास्तच. सगळ्यांना होतो असं अजिबात नाही. पण ही माहिती मुलाच्या हक्काची आहे, एवढं मी बाबांना ठणकावून सांगितलं. त्यांनी ती त्याला सांगितली, गाडीत, सिग्नलला थांबलेले असताना. मानसोपचारतज्ज्ञांकडेही त्याच आठवड्यात गेले.

निनादने बंद केलं. पहिला आठवडा घरात रणकंदन होतं: जेवण जात नव्हतं, झोप नाही, लागलीच तर विचित्र स्वप्नं, दारं आपटणं. गांजा सुटताना हे असंच होतं. पहिल्या आठवड्यात जोर असतो, झोपेला आणखी वेळ लागतो. आईला वाटलं, हा आधीच बरा होता. आणि मग बाबांनी न विचारता लघवी तपासायचं किट आणलं. बंद करून दोन आठवडे झालेले, किट पॉझिटिव्ह. "खोटारडा" हा शब्द गेला. निनाद म्हणाला, "मग ओढतोच."

टीएचसी चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते बंद केल्यावरही तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त सापडू शकतं. मुलगा खरं बोलत होता. तपासणी करायचीच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, मुलाला सांगून. घरचं किट म्हणजे चोर-पोलीस.

पोलिसांची भीती हे उपचार टाळण्याचं मोठं कारण असतं, म्हणून सांगते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यातलं ६४अ कलम स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण देतं. अटी आहेत, त्या वकिलाकडून समजून घ्या. समुपदेशक काही खबरी नसतो. थेट कुणाकडे जायचा धीर होत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत निनादने एकदा ओढला. कुठे, कुणाबरोबर, ते स्वतः येऊन सांगितलं. आईला सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं, कारण आधीच्या वेळी आम्हाला थेंबांच्या बाटलीवरून कळलं होतं. पुढच्या फिजिक्सच्या पेपरआधी तो दोन वाजेपर्यंत जागा होता, तसाच उठून गेला आणि ७० पैकी ३१ घेऊन आला. बाबा "एवढेच?" म्हणणार, तेवढ्यात आईने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, असं तिनेच फोनवर सांगितलं. जेईईसाठी बारावीनंतर एक वर्ष थांबायचं की नाही यावरून सध्या त्या घरात जोरदार वाद चालू आहे. निनादला थांबायचं नाहीये.