अमेरिकेतील ग्रामीण काउंटीत शेती घेतल्यावर सरकारी साहाय्य व संधारणाच्या योजना कोठे शोधाव्यात?

सुरुवात ‘यूएसडीए सर्व्हिस सेंटर’पासून, म्हणजे अमेरिकी कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयापासून करावी. आपल्या भागाच्या केंद्राचा पत्ता फार्मर्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतो. लहान काउंटीचे केंद्र कधी कधी शेजारच्या काउंटीत असते, म्हणून भेटीची वेळ आधी ठरवूनच जावे. तेथे फार्म सर्व्हिस एजन्सी या कृषी खात्याच्या विभागाला मालकीची किंवा भाडेपट्ट्याची कागदपत्रे दाखवून ‘फार्म नंबर’ (शेताचा नोंदणी क्रमांक) घ्यावा, कारण बहुतेक योजनांचे अर्ज त्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

त्यानंतर नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिसकडे, म्हणजे माती-पाण्याच्या संधारणाचे काम पाहणाऱ्या याच खात्याच्या संस्थेकडे जावे. तिचे तज्ज्ञ शेताची पाहणी करून संधारणाचा आराखडा विनामूल्य आखून देतात. तिच्या ‘इक्विप’ (एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्हज प्रोग्राम) योजनेत सिंचनसुधारणा, चराईसाठी कुंपण, आच्छादन पिके अशा कामांसाठी अर्थसाहाय्य मिळते, आणि शेतीचा अनुभव 10 वर्षांपेक्षा अधिक नसलेल्या नव्या शेतकऱ्यांना वाढीव दर व आगाऊ रकमेची सवलत असते. मात्र करारावर सह्या होण्यापूर्वी सुरू केलेल्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. उत्साही नवख्यांना हाच नियम महागात पडतो. अर्ज वर्षभर स्वीकारले जातात, पण निवडीची अंतिम तारीख राज्यानुसार बदलते.

धूप होणारी जमीन लागवडीतून काढून तिच्यावर गवत किंवा झाडे लावायची असतील, तर ‘सीआरपी’ (कन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम) योजनेखाली 10 ते 15 वर्षे वार्षिक भाडे मिळू शकते. राज्याच्या स्वतंत्र योजनांची चौकशी कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट या स्थानिक संधारण संस्थेकडे करावी.